‘चेक’ या शब्दामागचा शह

शर्टावर चेक्स असतात, बँकेत चेक वटतो, विमानतळावर चेक-इन होते, फॉर्मवरच्या चौकोनात चेकची खूण करायची असते, आणि अमेरिकेत जेवण आटोपल्यावर वेटर जो कागद टेबलावर ठेवून जातो तोही चेकच. इंग्रजी शब्दकोशातली ही लांबलचक रांग पाहिली की वाटते, हे निरनिराळे शब्द योगायोगाने एका उच्चारावर येऊन बसले असावेत. तसे नाही. देशाच्या नावातला ‘चेक’ तेवढा परका; तो एका स्लाव्ह लोकसमूहाच्या नावावरून आला आणि देवनागरीत लिहिला की उगाच या रांगेत घुसतो. बाकी बहुतेक सगळे अर्थ बुद्धिबळाच्या पटावरून निघाले आहेत.

आपला चतुरंग इराणात चतरंग झाला आणि अरबांकडे शतरंज. समोरच्या राजावर हल्ला केला की इराणी खेळाडू ‘शाह’ असे बजावत. अर्थ एवढाच, की राजा सांभाळ. अरबांमार्फत खेळ युरोपात पोचला, तेव्हा हा शब्दही बरोबर गेला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा ‘स्काकस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’. इंग्रजांनी पुढचा ‘ए’ गाळला आणि चौदाव्या शतकापर्यंत ‘चेक’ रुळला. फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून ‘चेस’ निघाला, म्हणजे इंग्रजीत या खेळाचे नावच मुळात ‘शह’ असे आहे. मराठीने तोच शब्द थेट फारसीतून घेतला आणि शह-काटशहाच्या राजकारणात मुरवला. ‘चेकमेट’ म्हणजे आपले शहमात. त्यातल्या ‘मात’चा अर्थ पुष्कळदा ‘राजा मेला’ असा सांगितला जातो, पण फारसी ‘मात’ म्हणजे निरुपाय झालेला, कोंडीत सापडलेला. मला हाच अर्थ पटतो, कारण बुद्धिबळात राजा कधी मारला जातच नाही.

इथून शब्दाला दोन वाटा फुटल्या. एक चालीची, दुसरी पटाची.

आधी चालीची. शह मिळाला की हातातला डाव बाजूला ठेवून राजाकडे बघावे लागते. मनातला बेत जागच्या जागी थांबतो. त्यामुळे ‘चेक’ला अडथळा, एकदम बसलेला लगाम असा अर्थ आला. शिकारी ससाणा नेमून दिलेले सावज सोडून भलत्याच पाखरामागे गेला, तर त्यालाही जुन्या इंग्रजीत ‘चेक’ म्हणत. पुढे हा लगाम राजकारणात शिरला. १७४८ साली फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने मांडले की सत्तेला सत्तेनेच थांबवले पाहिजे, आणि १७८७ च्या अमेरिकी राज्यघटनेने ती कल्पना यंत्रणेत उतरवली. राष्ट्राध्यक्ष विधेयक अडवू शकतो, काँग्रेसची दोन्ही सभागृहे दोन तृतीयांश मतांनी तो नकार ओलांडू शकतात. ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात तो हा प्रकार. यातला चेक अंकुशाचा आहे, तपासणीचा नाही. भाषांतरात हा फरक निसटला की अख्खे वाक्य लुळे पडते.

तपासणीचा अर्थ या अंकुशातूनच आला. हिशेब ठेवणाऱ्याला आवर घालायचा कसा? त्याच्या वहीशी ताडून बघता येईल अशी दुसरी नोंद ठेवून. ‘कंट्रोल’ शब्दाचा जन्मही नेमका असाच आहे. मूळ फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘पडताळ्यासाठी ठेवलेली दुसरी नोंदवही’ असा होता. दोन्ही शब्दांत ताडून पाहणे आणि ताब्यात ठेवणे एकमेकांत मिसळले आहे. म्हणून ‘अनचेक्ड’ हा शब्द आजही दुहेरी आहे. सत्ता अनचेक्ड असली तर ती बेलगाम, यादी अनचेक्ड असली तर न तपासलेली.

आता पटाची वाट, जी मला जास्त रंगतदार वाटते. लॅटिनमध्ये बुद्धिबळाच्या पटाला ‘स्काकारियम’ म्हणत. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल ज्या टेबलावर मोजला जाई, त्यालाही हेच नाव पडले. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकाच्या अखेरीस या कारभारावर लॅटिनमध्ये एक संवादरूप ग्रंथ लिहायला घेतला. त्यात टेबलाचे वर्णन आहे : सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, काठाला चार बोटांची कड आणि वर रेघा आखलेले काळे कापड. कड कशासाठी, तर मोजणीच्या सोंगट्या खाली घरंगळू नयेत म्हणून. उभ्या रकान्यांना किमती ठरलेल्या होत्या. पेनी, शिलिंग, पौंड, मग विसा, शेकडा, हजार. रोमन आकड्यांत शून्य नाही. त्यात बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड. हे गणित कागदावर करण्यापेक्षा सोंगट्या सरकवणे कितीतरी सोपे होते, आणि अक्षरशत्रू माणसालाही आपली बाकी डोळ्यांनी दिसे.

वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमस सणाला, महसूल गोळा करणारे परगण्यांचे शेरीफ या टेबलापुढे हजर होत. फिट्झनील स्वतःच सांगतो, की पटावर दोन राजे झुंजतात तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची झुंज चालते. याच टेबलावरून खात्याला ‘एक्सचेकर’ नाव मिळाले. त्यातला ‘एक्स’ खरे तर चुकीचा आहे. फ्रेंच ‘एस’ला लॅटिन उपसर्गाचे बिघडलेले रूप समजून कुणा विद्वानांनी तो ‘दुरुस्त’ केला. ब्रिटनचा अर्थमंत्री अजूनही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतो, आणि पंतप्रधानांच्या ग्रामीण निवासाचे ‘चेकर्स’ हे नावही बाराव्या शतकातल्या एका एक्सचेकर अधिकाऱ्यावरून पडले असे मानले जाते.

पैसे भरल्याची पावती लाकडी असे. हेझल झाडाच्या काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या, मग ती उभी चिरून एक भाग भरणाऱ्याला द्यायचा, दुसरा खजिन्यात ठेवायचा. तंटा झाला की दोन्ही भाग जुळवून बघायचे. खाचा जुळल्या नाहीत तर कुणीतरी लबाडी केली आहे. ही पद्धत १८२६ पर्यंत टिकली. साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी संसदेच्या भट्टीत जाळल्या गेल्या आणि त्या आगीत वेस्टमिन्स्टरची दोन्ही सभागृहे खाक झाली. जुने दफ्तर निकाली काढण्याचा इतका महागडा प्रसंग दुसरा आठवत नाही.

बँकेच्या चेकपाशी या दोन वाटा एकत्र येतात. लंडनच्या सोनार-सावकारांकडे पैसे ठेवून ‘अमक्याला इतके द्यावेत’ अशी चिठ्ठी लिहिण्याची रीत सतराव्या शतकातली. १६५९ सालची अशी चिठ्ठी आजही जपलेली आहे. पण तिला तेव्हा चेक म्हणत नसत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणजे सरकारी हुंडीचे स्थळप्रत म्हणून मागे राहणारे अर्धुक. बनावट कागद आला तर त्याच्याशी ताडून रोखता यावा, हे त्याचे काम. जे काम चिरलेली काठी करत होती तेच आता कागद करू लागला. हळूहळू अर्धुकाचे नाव अख्ख्या कागदाला चिकटले.

अर्थ असा चालीच्या वाटेने आला, स्पेलिंग मात्र पटाच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बँकिंगवर लिहिणाऱ्या जेम्स विल्यम गिलबार्टने ‘cheque’ हे ‘क्यू’ असलेले रूप निवडताना दोन कारणे दिली. इतर अर्थांशी घोळ होत नाही आणि ‘एक्सचेकर’शी ते जुळते. ब्रिटनमध्ये ते टिकले. अमेरिकेने साध्या ‘के’वर भागवले आणि घोळ चालवून घेतला.

चौकटीच्या कापडाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. पटासारखे दिसते म्हणून चेक्स, संपले.

अमेरिकेने मात्र या शब्दाला भलतेच कामाला लावले. रेल्वेत सामान सोपवले की मिळणारा बिल्ला तो चेक, कोट ठेवल्याचे टोकन तो चेक. जुळवून बघण्याची अर्धी खूण हीच कल्पना त्यामागे आहे. १८८० च्या दशकात बेसबॉलचा सामना पावसाने थांबला तर पुन्हा येण्यासाठी जो तुकडा देत तो ‘रेन चेक’. आज निमंत्रण नाकारताना ‘पुन्हा कधीतरी’ म्हणून तो वापरतात. यादीतल्या खुणेला ब्रिटनमध्ये ‘टिक’ म्हणतात, अमेरिकेत चेक. जेवणानंतर ब्रिटिश माणूस बिल मागतो. अमेरिकी माणूस चेक मागतो, आणि मनात आले तर तो चेकनेच भरतो.