मशीन शॉपमधील चिप्स, कूलंट आणि वापरलेले तेल: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पुण्याजवळील भोसरी, तळवडे आणि चाकण परिसरातील ज्या मशीन शॉपमधून आम्ही चिप्स (धातू कापताना निघणारा कीस) आणि इतर टाकाऊ माल उचलतो, त्यांच्यासाठी ही माहिती देत आहोत. टाकाऊ मालाला मिळणारा भाव वजनाइतकाच तो किती निर्भेळ आहे यावर ठरतो, आणि ही निर्भेळता मशीनपाशीच राखावी लागते.

एकाच सीएनसीवर (संगणक-नियंत्रित मशीनवर) आलटून पालटून अ‍ॅल्युमिनियम आणि स्टीलचे जॉब चालत असतील, तर जॉब बदलताना चिप ट्रे पूर्ण रिकामा करावा. साधे लोखंड चुंबकाने वेगळे करता येते. मात्र पितळ किंवा ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्टील चुंबकाला फारशी दाद देत नाही, त्यामुळे सरमिसळ झालेल्या मालाला सर्वांत स्वस्त धातूचाच भाव मिळतो. कूलंटने (कापताना वापरल्या जाणाऱ्या थंडावा देणाऱ्या द्रवाने) ओल्या असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक चिप्स झाकणबंद ड्रममध्ये भरू नयेत, कारण त्यातून हायड्रोजन वायू सुटू शकतो. झिजलेले कार्बाइड इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराची बदलता येणारी टोके) वेगळ्या डब्यात साठवावेत. त्यांतील टंगस्टन आणि कोबाल्टमुळे ते किलोवर चांगल्या दराने विकले जातात.

खरी बचत मात्र कूलंटमध्ये आहे, आणि नेमके तिकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. स्लाइडवेचे (मशीनच्या सरकत्या भागांच्या मार्गिकेचे) तेल गळून सम्पमध्ये, म्हणजे कूलंटच्या टाकीत, तरंगते, त्या थराखाली हवा पोहोचत नाही आणि तेथे जिवाणू वाढतात. गुरुवारची साप्ताहिक सुट्टी संपवून शुक्रवारी मशीन सुरू करताना येणारी दुर्गंधी ही त्याचीच खूण असते. स्किमरने (तरंगते तेल वेगळे करणाऱ्या उपकरणाने) हे तेल नियमित काढले, बुडाशी साचलेला गाळ उपसला आणि रिफ्रॅक्टोमीटर या मोजणी उपकरणावरील वाचनाला पुरवठादाराने दिलेल्या गुणकाने गुणून कूलंटची तीव्रता तपासत राहिले, तर तेच कूलंट बरेच अधिक काळ टिकते. पातळी कमी झाल्यावर नुसते पाणी ओतल्यास तीव्रता घटते आणि गंज धरतो. म्हणून कूलंट आणि पाण्याचे पातळ मिश्रणच घालावे.

वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते केवळ प्राधिकारपत्र असलेल्या पुनर्प्रक्रियाकर्त्याकडेच द्यावे लागते आणि सामान्यतः ९० दिवसांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाही. माल उचलताना नमुना १० मधील मॅनिफेस्ट (माल वाहतुकीचे नोंदपत्र) भरले जाते. त्याची आपली प्रत जपून ठेवावी, कारण ३० जूनपर्यंत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे भरावयाच्या वार्षिक विवरणपत्रात हेच आकडे लागतात. रोख पैसे देऊन विनापावती तेल नेणारा फेरीवाला दोन रुपये जास्त देईलही, परंतु ते पुढे कोठे गेले याचा जाब तेल निर्माण करणाऱ्या कारखान्यालाही विचारला जाऊ शकतो.

तेलकट कॉटन वेस्ट, फिल्टर आणि ग्राइंडिंगचा गाळ चिप्सच्या गोणीत आढळल्यास आमचा चालक ती गोणी उचलणार नाही. हा माल वेगळ्या, लेबल लावलेल्या ड्रममध्ये ठेवल्यास तो रांजणगाव येथील सामाईक प्रक्रिया केंद्राकडे स्वतंत्रपणे पाठवता येतो.