सायलेन्सरमधल्या मातीला सोन्याचा भाव कसा आला

गोव्यात डिचोलीतल्या आमच्या वाड्यावर एक मारुती ईको आहे. दर शुक्रवारी पहाटे ती फुलं आणि भाजी घेऊन म्हापशाच्या बाजाराला निघते. एका शुक्रवारी काकांनी चावी फिरवली आणि अख्खा वाडा दचकून जागा झाला. इंजिन ठणठणीत, पण आवाज क्रशरसारखा. टॉर्च घेऊन खाली वाकलो तर सायलेन्सर गायब, आणि आंब्याच्या पाचोळ्यात दोन नट पडलेले. मेस्त्रीने बघितलं आणि म्हणाला, "मातीसाठी नेलाय." तक्रार लिहून घेताना काकांना प्रश्न आला: गेलेल्या भागाचा नंबर काय? आरसी बुकात चॅसिसचा नंबर होता, इंजिनाचा होता. या भागाला नंबरच नव्हता.

माती म्हणजे सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याचं, पोट. स्टीलच्या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असलेली चिनी मातीची वीट असते. तिच्या बारीक नळ्यांना आतून प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम यांचा अतिशय पातळ लेप दिलेला असतो. इंजिनातून आलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तापलेल्या नळ्यांतून जाताना पुष्कळसे निरुपद्रवी होतात. धातू असतो काही ग्रॅमच, पण तो झिजून संपत नाही. म्हणून जुन्या कन्व्हर्टरलाही किंमत असते.

ही कल्पना युजीन हूद्री या फ्रेंच इंजिनिअरची. कच्च्या तेलापासून उत्तम पेट्रोल काढण्याची पद्धत शोधून त्याने नाव कमावलं होतं. पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिसवरचं धुरकं पाहून तो गाडीच्या धुराकडे वळला आणि १९५० च्या दशकात त्याने कन्व्हर्टरचं पेटंट मिळवलं. पण तो गाड्यांना बसेना, कारण पेट्रोलमध्ये १९२३ पासून शिसं मिसळलं जात होतं आणि शिशाचा थर बसला की लेप निकामी होतो. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने अमेरिकेतल्या कंपन्यांचे हात पिरगाळले, तेव्हा कुठे १९७५ च्या मॉडेलांपासून कन्व्हर्टर आणि बिनशिशाचं पेट्रोल जोडीने आलं. तिन्ही वायूंवर एकदम काम करणारा कन्व्हर्टर त्याच दशकात तयार झाला.

आपल्याकडे वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात हवेच्या प्रदूषणाविरुद्ध याचिका दाखल केली. ती पुढे बरीच वर्षं चालली. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. गोवा त्या यादीत नव्हता. २००० साली देशभर शिसं बंद झालं. मग गाड्यांच्या धुरावरचे भारत स्टेजचे नियम एकामागून एक कडक होत गेले, २०१७ मध्ये चौथा टप्पा आणि २०२० मध्ये थेट सहावा. हवेसाठी हे फार चांगलं झालं, आणि त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मात्र त्याच नियमांमुळे प्रत्येक गाडीच्या पोटाखाली थोडा मौल्यवान धातू आला, तोही उघड्यावर, कुलपाशिवाय.

चोरांना त्याची जाग आणली भावाने. २०१६ मध्ये रोडियम औंसाला, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमला, हजार डॉलरच्याही खाली होतं. मार्च २०२१ मध्ये ते तीस हजारांच्या घरात गेलं. सोनं त्या सुमारास दोन हजारांच्या आतच होतं. जगातलं बहुतेक रोडियम दक्षिण आफ्रिकेतून येतं, त्यामुळे तिथे खाणीत किंवा कारखान्यात खोळंबा झाला की भाव उसळतो. त्यातच युरोपात २०१५ च्या डिझेल गाड्यांच्या धूर-चाचणी घोटाळ्यानंतर ग्राहक पेट्रोलकडे वळले आणि पेट्रोल गाड्यांच्या कन्व्हर्टरला लागणारं पॅलेडियम महागलं. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या गुन्हेविषयक संस्थेकडे २०१८ मध्ये अशा १,२९८ चोऱ्यांची नोंद होती, २०२१ मध्ये ती ५२,२०६ झाली.

भारतात गुजरात आणि महाराष्ट्रातल्या चोऱ्यांत ईकोचं नाव पुन्हा पुन्हा आलं. गाडी उंच, खाली शिरायला जागा, सायलेन्सर मोजक्या नटांवर, आणि रात्री बहुधा रस्त्याकडेलाच उभी. टोळ्या सायलेन्सर काढून माती वेगळी करतात आणि ती किलोवर विकली जाते. गोव्याला हे सगळं लागू पडतं. जुन्या घरांना गॅरेज नाही, गाडी घाटीवर नाहीतर झाडाखाली. जूनमध्ये पर्यटक पांगले की भाड्याच्या गाड्या मोकळ्या जागेत महिनोन्‌महिने उभ्या. पत्र्यावर पाऊस वाजत असताना पान्याचा आवाज कोणाला ऐकू येणार? आणि पत्रादेवी किंवा दोडामार्ग ओलांडलं की माल दुसऱ्या राज्यात.

सुरुवातीचे उपाय गाडीभोवतीच फिरले: पोलादी पिंजरा, डोकं तुटून जाणारे बोल्ट, गाडी कलली की ओरडणारा अलार्म. उपयोग आहे, पण पिंजऱ्यातून हवा खेळली पाहिजे, कारण कन्व्हर्टर भयंकर तापतो. पुढे लक्ष चोरीचा माल विकत घेणाऱ्याकडे गेलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये भंगार रोखीने विकत घ्यायला बंदी आहे. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणांनी एका मोठ्या साखळीतल्या २१ जणांवर आरोप ठेवले आणि ५४ कोटी ५० लाख डॉलर जप्त करण्याची मागणी केली. त्यात चोरांबरोबर माती विकत घेणारेही होते.

मला हाच रस्ता पटतो. आपल्याकडे बेकायदा भंगारअड्ड्यांवर बोलणं होतं ते आग लागली की. माल कोणाकडून आला याची वही तिथे ठेवायला लावली, तर रात्री पाना घेऊन निघणाऱ्याला गिऱ्हाईकच उरणार नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेतही गुन्हा आहे. पण मालावर खूण नसेल तर तो चोरीचा हे सिद्ध कसं करायचं?

सायलेन्सर गेलाच तर गाडी तशीच दामटू नका. धूर आत शिरू शकतो आणि पीयूसीही मिळणार नाही. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर भरपाई नाही. काकांचा तसाच होता.

नवा सायलेन्सर बसवायच्या आधी मेस्त्रीने तो बाकावर आडवा धरला आणि पंचाने एकेक अक्षर ठोकलं: जीए, शून्य, चार, आणि पुढचा सगळा नंबर. काकांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि आरसी बुकाच्या फोटोशेजारी ठेवला. गाडी आता आंब्याखाली नसते, मागची बाजू घराच्या भिंतीला टेकवून उभी असते.