मातीतलं दुसरं पाणी

शाडूचा गणपती बादलीत ठेवला की काही तासांत त्याचा गाळ होतो, हे नाशिकच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. म्हणून पंचवटीतल्या एका शाळेत मातीच्या फरश्यांच्या भित्तिचित्राचं काम सुरू करताना सिरॅमिकवाल्या ताईंनी मुलांपुढे दोन वाट्या ठेवल्या. माती एकच, पण एक वाटी नुसती वाळवलेली आणि दुसरी भाजलेली. दोन्हींत पाणी ओतलं. बघता बघता पहिली खचली, दुसरी होती तशीच राहिली. "ताई, हिच्यात काय मिसळलंय?" एकाने विचारलं. मिसळलेलं काहीच नव्हतं. उलट तिच्यातून काहीतरी निघून गेलं होतं.

चिकणमातीचे कण म्हणजे अतिशय बारीक, चपट्या पापुद्र्यांचे थर. त्यांच्या मधल्या पाण्यामुळे ते एकमेकांवरून घसरतात, म्हणून मातीला हवा तो आकार देता येतो. वाळताना हे पाणी उडतं, पापुद्रे जवळ येतात आणि वस्तू आक्रसते. भाजताना ती आणखी आक्रसते. फरशीवर उमटवलेला दहा सेंटिमीटरचा पंजा भट्टीतून साधारण नऊ सेंटिमीटरचा होऊन बाहेर येतो. भिंतीचा आराखडा हे धरूनच काढावा लागतो.

पण नुसती वाळलेली माती भिजवली की पुन्हा चिखल होते. खरा बदल घडवतं ते दुसरं पाणी. ते ओलाव्याच्या रूपात नसतंच. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोड्या होऊन ते स्फटिकाच्या रचनेतच बांधलेलं असतं. साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसला या जोड्या तुटतात आणि पाणी वाफ होऊन निघून जातं. केओलिनाइट या शुद्ध पांढऱ्या मातीच्या खनिजाचं जवळपास १४ टक्के वजन असं जातं. पापुद्र्यांची जुनी घडी मोडते. आता कितीही भिजवा, चिखल होत नाही.

पहिलं पाणी पुरतं गेलेलं नसताना भट्टी तापवली तर मात्र घात होतो. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,७०० पट जागा मागतं. एका मुलाने खपून केलेलं जाडजूड कासव असंच फुटलं आणि तो रडवेला झाला. आत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून फुटलं, असं सगळे म्हणाले. दोषी बहुधा ओलावाच असतो. ताईंनी पुढचं कासव त्याच्याकडून आतून पोकरून घेतलं आणि निवांत वाळू दिलं.

आपल्याकडच्या बेसॉल्ट या काळ्या खडकापासून झालेली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना भेगाळते. म्हणून कुंभार मातीत राख आणि लीद घालतात. राखेमुळे आक्रसणं कमी होतं. लीद जळून बारीक छिद्रं उरतात, त्यांतून वाफेला वाट मिळते. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता साधलेलं हे ज्ञान आहे आणि ते मुलांच्या अभ्यासात यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. कुंभारकामाशी या गावाचं नातंही जुनं आहे. पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक शिलालेख आहे. 'कुलरिक' श्रेणीकडे, म्हणजे कारागिरांच्या संघाकडे, एक हजार कार्षापण नाण्यांची कायमची ठेव ठेवावी आणि व्याजातून आजारी भिक्षूंना औषधं मिळावीत, असं त्यात कोरलंय. कुलरिक म्हणजे कुंभार, असा अर्थ लावला जातो.

मुलांना सगळ्यात नवल वाटलं ते ग्लेझचं, म्हणजे फरशीवरच्या चकचकीत लेपाचं. लावताना करडा दिसणारा घोळ भट्टीतून गडद निळा होऊन आला, तो कोबाल्टमुळे. तांब्याने चित्रातली घाटाकडेची झाडं हिरवी केली, लोहाने पायऱ्या तपकिरी. ग्लेझ म्हणजे मातीला चिकटलेली काचच. नुसती सिलिका वितळायला १,७०० अंश लागतात, म्हणून तिला लवकर वितळवणारी खनिजं सोबत घालतात. शिसं हे काम सहज करतं, पण ते विषारी आहे. मुलांच्या कामात ते नकोच.

भाजलेल्या फरश्या पुढची शेकडो वर्षं हवेतला ओलावा अगदी सावकाश पुन्हा रचनेत सामावून घेत राहतील, वजनाने किंचित वाढत जातील. याच वाढीवरून जुन्या विटा-खापरांचं वय काढण्याची पद्धत ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये मांडली. तिच्या अचूकतेवर अजून वाद आहे. ताईंनी हे सांगितल्यावर मुलांनी उरलेल्या ओल्या फरश्या उलटल्या आणि खिळ्याने मागे आपापली नावं आणि साल कोरलं.