पार्श्वभूमी: चकोरासमोर थांबलेल्या कुत्र्याने पाऊल उचलावे का?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या डोंगराळ राज्यांत ऑक्टोबरच्या सुमारास चकोराच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला, की शिकारी मंडळींत एक जुने भांडण पुन्हा उकरून निघते. वास लागून जागच्या जागी थांबलेला कुत्रा, समोरचे पक्षी चालू लागल्यावर मालकाच्या हुकुमाशिवाय पुढे सरकला, तर ती चूक की हुशारी? ऐकायला ही कुत्रा शिकवण्यातली बारीकशी बाब वाटते. पण सावध पक्ष्याजवळ बंदुकीच्या टप्प्यात जाता येते की नाही, हे नेमके तिथेच ठरते. आणि यासंबंधीचे नियम ज्या पक्ष्यासाठी लिहिले गेले, तो पक्षी चकोर नव्हताच.

चकोर म्हणजे आपल्या कवितेत चांदण्यावर जगणारा, तोच. प्रत्यक्षात तो लाल चोचीचा, डोळ्यांवरून गळ्यापर्यंत काळा पट्टा असलेला, अर्ध्या किलोच्या आसपास भरणारा तितराचा भाऊबंद. महाराष्ट्रात तो मिळत नाही. त्याचे घर तुर्कस्तानापासून अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि हिमालयामार्गे पुढे चीनपर्यंत. १८९३ साली कराचीहून त्याच्या पाच जोड्या इलिनॉय राज्यात नेल्या गेल्या. तिथे तो टिकला नाही. १९३०च्या दशकापासून मात्र निरनिराळ्या राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी पिंजऱ्यात वाढवलेले चकोर सोडण्याचा सपाटा लावला. १९७०पर्यंत चाळीसहून जास्त राज्यांत मिळून सुमारे आठ लाख पक्षी सोडले गेले. पूर्वेकडचे जवळजवळ सगळे वाया गेले. रुजले ते नेवाडा, आयडाहो, ओरेगन, वॉशिंग्टन, युटा अशा पश्चिमेच्या रुक्ष भागात. नेवाडाने १९४७ साली पहिल्यांदा शिकारीला परवानगी दिली आणि पुढच्या दशकभरात शेजारची राज्ये तिच्या मागोमाग आली.

तिथे तो रुजला त्याला कारण चीटग्रास. हे गवतही युरोप-आशियातूनच, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत शिरलेले. त्याचे बी आणि कोवळी पाती हे चकोराचे मुख्य खाणे. ज्या गवताने तिथल्या सेजब्रश नावाच्या झुडपांच्या माळांची वाट लावली आणि वणवे वाढवले, त्याच गवतावर हा पाहुणा पोसला गेला. गवताच्या नावाने बोटे मोडणारे आणि चकोरासाठी पहाटे उठून गाडी काढणारे लोक पुष्कळदा एकच असतात, हे सांगायला हवे.

आता या पक्ष्याची खोड. संकट दिसले की चकोर आधी उडत नाही, पळतो, आणि तोही चढावर. दगडगोट्यांच्या उतारावर माणूस धापा टाकत वर पोचेपर्यंत थवा कड्याच्या टोकाशी गेलेला असतो. तिथून तो पंख पसरून थेट दरीत झेप घेतो. थव्यातला एखादा पक्षी उंच खडकावर पहारा देत असतो. गाडीचे दार आपटले, कुत्र्याला मोठ्याने हाक मारली, शिट्टी वाजवली, तर अर्धा डोंगर रिकामा होतो. छर्ऱ्यांची बंदूक भरवशाने चालते ती साधारण ३५ मीटरपर्यंत. म्हणून मुरलेले शिकारी आधी बाजूच्या धारेने माथा गाठतात आणि वरून आडवे आडवे उतरत येतात. याला वाऱ्याचीही साथ मिळते. उन्हाने उतार तापला, की हवा दरीतून वर चढू लागते आणि खालच्या पक्ष्यांचा वास वरच्या कुत्र्याच्या नाकाशी आपसूक येतो. भल्या सकाळी हवा खाली वाहत असते, तेव्हा हाच डाव उलटतो.

थांबणाऱ्या कुत्र्याची गोष्ट बंदुकीहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात पक्षी जाळ्याने धरत. कुत्रा वास लागताच पोटावर दबकून बसे, आणि माणसे पक्ष्यांवर, कधी कधी कुत्र्यासकट, जाळे ओढत. १५७० साली छापलेल्या एका लॅटिन ग्रंथात या कामाचे वर्णन आहे. पुढे ठासणीच्या बंदुकीने उडता पक्षी टिपायची पद्धत आली, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनकडून पॉइंटर, म्हणजे वास लागताच थांबून पक्षी दाखवणारे कुत्रे, आले. बार झाला, की मालक दारू-छर्रे ठासेपर्यंत कुत्र्याने जमिनीला चिकटून पडायचे, अशी शिस्त होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या, भरण्याचा वेळ वाचला, आणि ब्रिटनमधल्या धनिकांनी कुत्रे सोडून हाक्याची शिकार धरली: हाकारे पक्षी उठवणार, साहेब मोर्च्यात उभे राहून टिपणार. जवळ जाण्याचा प्रश्नच मिटला. कुत्र्यामागे चालणारे मागासलेले ठरले.

कुत्र्यांच्या मैदानी स्पर्धा त्याच सुमाराच्या. पहिली १८६५ साली इंग्लंडमध्ये बेडफर्डशायरला झाली, अमेरिकेतली पहिली १८७४ साली टेनेसीतल्या मेम्फिसला. इथेच वाटा फुटल्या. ब्रिटिश पद्धतीत कुत्रा थांबतो, माणूस त्याच्या बाजूला येतो, आणि मग हुकूम मिळाल्यावर कुत्रा स्वतः पुढे सरकून पक्षी उठवतो. उठताक्षणी खाली बसतो. फ्रान्समध्येही पक्षी चालू लागला, की कुत्र्याने मालकाला बरोबर घेऊन सरकत जाणे हे कसब मानतात. अमेरिकेत मात्र कुत्र्याने एकदा पॉइंट केला, म्हणजे वासावर थांबला, की पुतळा व्हायचे. पक्षी उठवायचे काम माणसाचे. पक्षी सापडला नाही, तर माणूस कुत्र्याच्या डोक्यावर टपली मारतो, आणि ती मिळाल्यावरच कुत्र्याने पुढे शोधायचे. आपल्या मनाने सरकला तर गुण गेले.

हा नियम मूर्खपणाचा नव्हता. दक्षिणेकडच्या मोठमोठ्या खासगी जमिनींवर घोड्यावर बसून बॉबव्हाइट लाव्यांची शिकार चाले. कुत्रे शेकडो मीटर पुढे धावत. घोडेस्वाराला पोचायला काही मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ कुत्रा हलला नाही तरच उपयोग. बॉबव्हाइटही गवतात घट्ट दबून बसणारा, पायाखाली येईपर्यंत न उठणारा. त्या देशातली सर्वांत मानाची स्पर्धा आजही याच पक्ष्यावर, घोड्यांवरून, तीन-तीन तासांच्या फेऱ्यांनी होते. तिथे जिंकलेल्या कुत्र्यांची पिल्ले देशभर विकली जातात, आणि त्यांच्याबरोबर तो नियमही सगळीकडे जातो.

तो चकोराच्या डोंगरावर पोचला आणि घोळ झाला. कुत्रा नमुनेदार थांबतो, शेपूट काठीसारखे ताठ, नाक वाऱ्यात, जबडा वास चावल्यासारखा किंचित हलतो. मालक दोनशे मीटर चढ चढून येतो. तोवर थवा पायी निघून गेलेला. हे त्या कुत्र्याकडे नीट पाहिले तर कळते: शेपटीचे टोक हळूहळू हलू लागते, पाठीतला ताण उतरतो, डोळे मालकाकडे वळतात. त्याला ठाऊक असते की समोर आता कोणी नाही. पण नियम म्हणतो, हलायचे नाही.

सरकण्याच्या बाजूने असलेल्यांचे म्हणणे साधे आहे. ताजा वास असेपर्यंत उभे राहा. वास विरळ झाला, की दबक्या पावलांनी पुढे जाऊन पुन्हा थांबा. पक्ष्यांशी अंतर तेवढेच राहते, तुटत नाही. विरोधक म्हणतात, एकदा ही मुभा दिली, की कुत्र्याला पुढे घुसायची चटक लागते आणि दहातले चार थवे तो स्वतःच उठवून देतो. कोवळ्या कुत्र्यांच्या बाबतीत त्यांचे खरे आहे. पहिले दोन हंगाम कुत्र्याला कडक नियमात ठेवावे, हे सरकवणारेही मानतात. पण चार-पाच वर्षे उतारावर घासलेला कुत्रा मालकापेक्षा जास्त जाणतो. त्याला टपलीची वाट पाहायला लावणे म्हणजे नियम पक्ष्याहून मोठा करणे. माझा कल लपवण्यात अर्थ नाही. माणसाच्या बाजूची युक्तीही कमी महत्त्वाची नाही: कुत्र्याच्या मागून थेट न येता लांबून वळसा घालून वरच्या अंगाने यायचे. मग थवा कुत्रा आणि माणूस यांच्यात सापडतो आणि पळायचा रस्ता बंद होतो.

आपल्याकडे सावध पक्ष्याजवळ जायची तऱ्हा वेगळी होती. गायपारध्यांचे नावच त्यांच्या पद्धतीवरून पडले. शिकवलेल्या गायीच्या आडोशाने चरत चरत पुढे सरकायचे आणि फास लावायचे. माळढोकाजवळ लोक बैलगाडीतून जात, कारण गाडीला तो बुजत नसे. दोन्हीकडे आडोसा म्हणून पक्ष्याच्या ओळखीचेच जनावर. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे सगळे इतिहासजमा झाले, आणि माळढोकाची आजची अवस्था पाहता ते योग्यच झाले.

अमेरिकेतल्या वादाला पुढचे वळण दिले ते जर्मन आणि फ्रेंच कुत्र्यांनी. १९२०-३०च्या दशकांत जर्मन शॉर्टहेअर आणि ब्रिटनी तिथे पोचले. हे पायी शिकारीच्या सवयीचे, मालकाच्या जवळ राहणारे. १९६९ साली अशा बहुगुणी जातींसाठी वेगळी परीक्षा पद्धत उभी राहिली. तीत घोडा नव्हता, मालकाशी सहकार्याला गुण होते. उघड्या डोंगरावर मात्र जवळ राहणारा कुत्राही कमी पडतो, कारण तिथे माणूस जिथे दिसतो तिथून चकोर आधीच निघालेला असतो.

मग गळ्यातल्या पट्ट्यांचा जमाना आला. आधी युरोपातली जुनी घंटी: ती वाजायची थांबली, म्हणजे कुत्रा थांबला. पुढे बॅटरीवर चालणारा बीपर आला. कुत्रा थांबला की तो वाजू लागतो. काही बीपरांत ससाण्याची किंकाळी भरलेली असते. आकाशात शिकारी पक्षी आहे असे वाटून चकोर दबून बसेल, ही अटकळ. हंगामभर रोज बीप ऐकणारे थवे त्या आवाजालाच घाबरू लागतात, अशी उलट तक्रारही ऐकू येते. विजेचा झटका देणारे पट्टे १९७०च्या आसपास पसरले आणि त्यांनी वाद आणखी कडवट केला, कारण आता सरकणाऱ्या कुत्र्याला दोनशे मीटरवरून शिक्षा देता येऊ लागली. वेल्समध्ये २०१० साली अशा पट्ट्यांवर बंदी आली. अमेरिकेच्या पश्चिमेत ते सर्रास चालतात.

नागरी जीपीएसची अचूकता मुद्दाम कमी ठेवण्याचे धोरण २००० साली संपले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात जीपीएसचे पट्टे बाजारात आले. हातातल्या यंत्रावर कुत्रा किती दूर, कोणत्या बाजूला, धावतोय की थांबलाय, हे दिसू लागले. शिट्टी नको, हाक नको. चारशे मीटर पुढचा कुत्राही एकदम कामाचा झाला. शिवाय दिवसभराची वाट नकाशावर रेषेने उमटते: थांबला, तीस मीटर सरकला, पुन्हा थांबला, आणि शेवटच्या ठिपक्यापाशी बार. सरकवणारे ही रेषा पुरावा म्हणून पुढे करतात. नियमवाले म्हणतात, रेषेत फक्त कुत्रा दिसतो. तो पक्ष्यामागे सरकला की उभे राहून कंटाळला, हे त्यातून कळत नाही. स्पर्धांची टपली आहे तिथेच आहे. डोंगरावर राहणारे गिऱ्हाईक मात्र पिल्लू घेताना आई-बापाने किती बक्षिसे मिळवली हे विचारण्याआधी, ती कोणत्या पक्ष्यावर मिळवली, हे विचारते.