पोत, मोती, आरी: कोकणातल्या मणीकामाची पार्श्वभूमी

रत्नागिरी-चिपळूणकडे आज ‘वर्क’ म्हटलं की नवरीच्या ब्लाउजवरचं आरीकाम, म्हणजे मणी-टिकल्यांचं भरतकाम, डोळ्यांपुढे येतं. विरलेल्या जागी, न निघणाऱ्या डागावर, झिजलेल्या काठावर मणी बसवून कापड वापरात ठेवायचं, ही याच कामाची दुसरी बाजू. तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

काचमणी या किनाऱ्याला नवे नाहीत. सोपारा आणि चौल ही बंदरं पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविक वृत्तांतात येतात, आणि भडोचला कच्ची काच उतरत असे हेही त्यातच आहे. पण कापडावर भरायला बारीक, एकसारखा आणि स्वस्त मणी लागतो. तो एकोणिसाव्या शतकात व्हेनिस-बोहेमियाकडून येऊ लागला आणि सौराष्ट्रात त्यावर मोतीभरत, म्हणजे मण्यांचं काम, फुललं. सावंतवाडीत त्या काळी वाळ्याच्या पंख्यांवर, पेट्यांवर जरीच्या तारेबरोबर भुंग्यांचे हिरवे चमकते पंख लावत. आज टिकली जे करते, ते तेव्हा हे पंख करत.

खरा गुंता आहे तो ‘पोत’ या शब्दाचा. ती पोत म्हणजे बारीक काचमणी, आणि त्यावरून गळ्यातली काळ्या मण्यांची सर. तो पोत म्हणजे कापडाची वीण, त्याचा दाटपणा, हाताला लागतं ते अंग. शिवाय देवीपुढे नाचवतात ती पेटती पोत वेगळीच. ‘पोत तुटली’ आणि ‘पोत गेला’ यांत क्रियापदावरून उलगडा होतो, पण ‘पोत बघून घे’ म्हटलं तर कापड बघायचं की मणी? दुरुस्तीत दोन्ही बघावे लागतात. विरलेल्या मलमलीवर जड काचमणी लावला तर तो स्वतःच्या वजनानं भोक मोठं करतो. म्हणून आधी मागून अस्तराचा तुकडा, मग मणी. एकाच शब्दात मणी आणि वीण दोन्ही असणं मला तरी फार नेमकं वाटतं.

पुढे दुकानांत ‘मोती’ आला आणि त्याचा अर्थ प्लॅस्टिकचा मणी असाच झाला. मग कटदाणा, नळी, शुगर बीड अशी मण्यांची नावं आली. आता शिवणवर्गांत या सगळ्याला मिळून ‘आरी’ म्हणतात. आरी हे तर हत्याराचं नाव: टोकाला आकडा असलेली सुई. कामाला हत्याराचं नाव पडलं आणि त्या हत्यारानं न होणारं काम अभ्यासक्रमातून गळालं. हे नुकसान लहान नाही. आरीला कापड चौकटीवर ताणावं लागतं आणि जीर्ण कापड तो ताण सोसत नाही. शिवाय आरीची साखळी शेवटच्या टोकाला सुटली की ओळच्या ओळ उसवत जाते. साध्या बारीक सुईनं तीन मणी ओवून एकातून मागे यायचं, दर चार टाक्यांनी गाठ मारायची, म्हणजे एक मणी तुटला तरी शेजारचे जागेवर राहतात. दुरुस्तीला हीच पद्धत योग्य, आणि नेमकी तीच शिकवली जात नाही.

जुनी पोत आणि आजची आरी यांच्या मधला काळ रुखवताचा. मण्यांची तोरणं, तांब्यावरची जाळी, पंख्याची झालर. गणपतीला येणारे चाकरमानी मुंबईच्या भुलेश्वर बाजारातून मण्यांच्या पुड्या आणत. १९९१ नंतर आयात सैल झाली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे मडगावपर्यंत अखंड धावू लागली, आणि माल मिळणं सोपं झालं. त्यानंतर मोबाइलवरच्या व्हिडिओंनी नक्षीही सारखी करून टाकली. आता रोह्यातला ब्लाउज आणि कुडाळचा ब्लाउज ओळखू येत नाही.

इथल्या हवेचा विचार त्या नक्षीत नसतो. खाऱ्या दमट वाऱ्यात धातूची टिकली आणि जरीची तार काळी पडते, सुती दोरा पावसाळ्यात कुजतो. काचमणी मात्र तसाच राहतो. प्लॅस्टिकचा मणी इस्त्रीखाली वितळतो, त्याची चकाकी घामानं उतरते.

दक्षिण कोकणात दशावतारी नाटकांच्या पेटाऱ्यातल्या कपड्यांना हे सगळं सोसावं लागतं: रात्रभराचा घाम, युद्धाचे पवित्रे, सकाळी घडी आणि दुसऱ्या गावची जत्रा. तिथे सुटलेला मणी त्याच दिवशी, हातात असेल त्या सुईदोऱ्यानं लावला जातो. चौकट मांडायला वेळच नसतो.