हेडलेस सेटअप : मॉनिटर-कीबोर्डशिवाय रास्पबेरी पाय चालू करणे

मॉनिटर, कीबोर्ड, माऊस यातलं काहीच न जोडता छोटा सिंगल बोर्ड कॉम्प्युटर (एकाच पट्टीवर मावणारा अख्खा कॉम्प्युटर) पहिल्यांदा चालू करायचा आणि लॅपटॉपवरून नेटवर्कने त्यात लॉगिन करायचं, याला हेडलेस सेटअप म्हणतात. सगळ्यात जास्त हे रास्पबेरी पायवर केलं जातं, जो २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आला. पुण्यात इंजिनिअरिंगची पोरं बोर्ड ऑनलाइन मागवतात, केबल आणि जम्पर वायरी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन घेतात, पण कॉट बेसिसच्या रूमवर मॉनिटर ठेवायला जागा कुठली, लॅपटॉप मात्र असतोच, म्हणून इथे बहुतेकांची सुरुवात हेडलेसनेच होते.

यातलं खरं काम बोर्डला करंट देण्याआधीच, कार्डवर होतं. ऑपरेटिंग सिस्टिम लिहून झालेल्या मायक्रोएसडी कार्डवर दोन पार्टिशन (कप्पे) असतात, एक छोटं बूटचं, म्हणजे सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचं, FAT फॉरमॅटमधलं, जे विंडोजला दिसतं आणि दुसरं लिनक्सचं जे विंडोजला वाचता येत नाही, मग विंडोज विचारतं फॉरमॅट करू का, तिथे नाहीच म्हणायचं. छोट्या बूट पार्टिशनमध्ये ठेवलेल्या सूचना पाय पहिल्या बूटला वाचतो.

आणि इथेच जुनी माहिती घात करते. २०१६ च्या शेवटी एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करायची सोय, आपोआप चालू असणं बंद झालं, कारण 'pi' हा युजर आणि 'raspberry' हा पासवर्ड अख्ख्या जगाला माहीत होता. तेव्हापासून बूट पार्टिशनमध्ये 'ssh' नावाची रिकामी फाईल टाकायची रीत पडली. एप्रिल २०२२ मध्ये तो ठरलेला युजरच काढून टाकला, म्हणजे नुसत्या रिकाम्या फाईलने दार उघडतं पण आत जायला नाव-पासवर्ड नसतो. ऑक्टोबर २०२३ च्या रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून वायफाय नेटवर्क मॅनेजर या प्रोग्रॅमकडे गेलं, त्यामुळे वायफायची कॉन्फिग फाईल बूटमध्ये टाकायची जुनी युक्तीही गेली. म्हणून आता सरळ रास्पबेरी पाय इमेजर, म्हणजे कार्डवर सिस्टिम लिहायचा प्रोग्रॅम, वापरावा, त्यातच होस्टनेम (बोर्डचं नेटवर्कवरचं नाव), युजर, वायफाय, देश आणि एसएसएच आधी भरता येतं. देश भारत निवडायला विसरू नये, देश सेट नसेल तर वायफाय बंदच राहू शकतं.

नंतर कार्ड घालून करंट द्यायचा आणि पहिल्या बूटला काही मिनिटं थांबायचं, हिरवा दिवा लुकलुकतोय म्हणजे कार्ड वाचलं जातंय, मध्येच वायर काढू नये. मग लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये कमांड द्यायची, ssh युजरचं-नाव@होस्टनेम.local. नाव सापडलं नाही तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर बोर्डचा आयपी ॲड्रेस बघायचा.

पुण्यातल्या पीजी आणि हॉस्टेलांत खरी गोची वायफायची असते. ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान येणारं वायफाय असेल तर पायला ते पान उघडताच येत नाही, काही ठिकाणी एकाच वायफायवरची दोन डिव्हाइस एकमेकांना दिसूच नयेत असं सेटिंग असतं. तेव्हा मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप आणि पाय दोन्ही त्यावर घ्यायचे, पण हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवायचा, कारण झिरो डब्ल्यू, झिरो टू डब्ल्यू आणि थ्री बी या बोर्डांना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. इथरनेट असलेल्या बोर्डला लॅन केबल लावली तर ही भानगडच नाही.

नेटवर्क काहीच दाद देत नसेल तर सिरियल कन्सोल, म्हणजे नेटवर्कशिवाय थेट वायरीने बोर्डशी बोलणं. बूट पार्टिशनमधल्या कॉन्फिग फाईलमध्ये युआर्ट (सिरियल पोर्ट) चालू करून यूएसबी-टीटीएल केबल ६, ८ आणि १० नंबरच्या पिनांना लावायची, ग्राउंड ६ ला, टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) उलटसुलट, म्हणजे एकाची टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला, स्पीड ११५२००, आणि बूटची अक्षरं वाहताना दिसतात (निदान एकदा तरी हे करून बघाच, आत काय चाललंय ते कळतं). सिग्नल ३.३ व्होल्टचाच हवा, ५ व्होल्टने पिना जळतात, आणि केबलची लाल वायर मोकळी ठेवायची.

लॉगिन झाल्यावर एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाईल) बसवून पासवर्ड लॉगिन बंद करावं. बंद करताना पॉवरऑफ कमांड द्यावी, थेट प्लग काढला तर कार्डवरच्या फाइली खराब होऊ शकतात, आणि पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, तेव्हा चोवीस तास चालणाऱ्या बोर्डला छोटा यूपीएस लावलेला बरा, शिवाय सेटअप झालेल्या कार्डची एक इमेज (हुबेहूब प्रत) लॅपटॉपवर काढून ठेवावी.