हरणापासून एल्कपर्यंत एकच काडतूस

सिनेमात गोळी लागलेला माणूस चार हात मागे उडून पडतो. भौतिकशास्त्राच्या हिशेबात हे बसत नाही. अमेरिकेच्या रॉकी पर्वतात एल्कच्या शिकारीसाठी सर्रास वापरली जाणारी एक गोळी ११.७ ग्रॅम वजनाची असते आणि नळीतून सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटते. तिचा संवेग, म्हणजे किलोग्रॅममधलं वस्तुमान गुणिले वेग, साडेनऊच्या आसपास भरतो. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षा थोराड हरीण, पूर्ण वाढलेला नर साधारण तीनशे किलोचा. गोळीचा सगळा संवेग त्याच्या अंगात जिरला, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला तीन सेंटिमीटर. उलट बंदूक चालवणाऱ्याच्या खांद्याला याहून जास्त संवेग झेलावा लागतो, कारण गोळीमागून नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूंचीही त्यात भर असते. गोळीने जनावर ढकललं जात असतं, तर आधी शिकारी पडला असता.

मग एल्क मरतो कशाने? फुप्फुसांना आणि हृदयाला पडलेल्या भोकांनी. रक्तदाब कोसळतो, मेंदूचा प्राणवायू तुटतो आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढ्यात हृदयात गोळी लागलेलं हरीणसुद्धा शंभर मीटर पळू शकतं. म्हणून काडतूस निवडताना विचारायचा प्रश्न ‘ताकद किती?’ हा नव्हे. गोळी पुरेशी खोल जाईल का, आणि ती नेमक्या जागी नेणं माणसाला जमेल का, हे दोन प्रश्न खरे. दुसऱ्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीच्या रायफलीची चर्चा जवळजवळ संपली. अमेरिकेत ती घरोघरी चालते. १५ नोव्हेंबरला मिशिगनमध्ये बंदुकीने हरीण मारण्याचा हंगाम उघडतो, तेव्हा ऑफिसातली निम्मी मंडळी रजेवर का, हे डेट्रॉइटकडच्या मराठी माणसाला पहिल्याच वर्षी कळतं. मोंटाना राज्यात तर हरीण आणि एल्क यांचा मुख्य हंगाम एकाच वेळी असतो. एकाच दिवशी, एकाच डोंगरावर ऐंशी किलोचं म्यूल हरीणही समोर येऊ शकतं आणि तीनशे किलोचा एल्कही. दोन रायफली कोणी पाठीवर वागवत नाही. त्यामुळे ‘सगळ्याला चालेल असं एक’ काडतूस ही तिथली अगदी व्यवहारातली गरज आहे.

तिला मिळालेलं सगळ्यात जुनं टिकाऊ उत्तर म्हणजे थर्टी-ऑट-सिक्स (ऑट म्हणजे शून्य). नळीचा व्यास ०.३० इंच आणि लष्कराने ते स्वीकारलं १९०६ साली, म्हणून हे नाव. तीन वर्षं आधी अमेरिकी लष्कराने याच धर्तीचं काडतूस काढलं होतं. त्यात बोथट नाकाची २२० ग्रेनची, म्हणजे १४ ग्रॅमची जड गोळी होती. तोवर जर्मनांनी टोकदार, हलकी आणि वेगवान गोळी आणली. अमेरिकेने घाईघाईने पुंगळीची मान थोडी आखूड केली आणि त्यात १५० ग्रेनची टोकदार गोळी बसवली. नळीच्या आतले पीळ मात्र जड गोळीच्या हिशेबाचेच राहिले, दर दहा इंचांना एक फेरा. या पिळांमुळे गोळी सेकंदाला तीन हजारांहून जास्त गिरक्या घेत सुटते आणि हवेत कोलमडत नाही. गोळी जितकी लांब, तितकी जास्त गिरकी लागते. लष्करी घाईत राहून गेलेली ही गोष्ट पुढे फार कामी आली.

आता पल्ला पाहू. सुरुवातीला सांगितलेली ११.७ ग्रॅमची गोळी याच काडतुसातली. २७५ मीटर जायला तिला ०.३७ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला ६७ सेंटिमीटर खाली ओढतं. गोळी वेगवान आहे म्हणून ते सूट देत नाही. म्हणून नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते. गोळी आधी रेषेच्या थोडी वर चढते, मग रेषा ओलांडून खाली येते. हरणाच्या छातीतला मर्मभाग साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा धरतात. गोळी रेषेच्या साडेसात सेंटिमीटर वर किंवा खाली एवढ्यातच राहील अशी रायफल जुळवली, तर सुमारे २४५ मीटरपर्यंत कसलाही हिशेब न करता सरळ मध्यावर नेम धरता येतो.

जास्त दारू भरलेल्या मॅग्नम काडतुसांचं आकर्षण इथेच जरा तपासून पाहावं. १९६३ साली आलेलं थ्री हंड्रेड विंचेस्टर मॅग्नम तीच गोळी जवळपास दहा टक्के जास्त वेगाने फेकतं. त्यातून बिनहिशेबी पल्ला वाढतो किती? २५ मीटर. मोबदल्यात खांद्यावरचा धक्का तीस टक्क्यांनी वाढतो. साडेतीन किलोच्या रायफलीतून थर्टी-ऑट-सिक्सचा धक्का सुमारे २७ ज्यूलचा असतो आणि बहुतेकांच्या सोसण्याची हद्द तिथेच कुठेतरी येते. त्यापुढे शरीर धक्क्याची वाट पाहू लागतं. घोडा ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, नेम ढळतो. हे भित्रेपण नव्हे, प्रतिक्षिप्त क्रिया आहे, आणि इच्छाशक्तीने ती फारशी आवरत नाही. तीस सेंटिमीटर बाजूला गेलेली मॅग्नम गोळी पोटात शिरते, आणि तसं जखमी झालेलं जनावर तासन्‌तास तडफडतं.

ज्यांना २७ ज्यूलही जड जातात त्यांनी साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या गोळीकडे वळावं, असं माझं मत. सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर या काडतुसाचा गाजावाजा अलीकडचा असला, तरी त्यामागची कल्पना नवी नाही. स्वीडनमध्ये १८९४ सालच्या साडेसहा मिलिमीटर लष्करी काडतुसाने पिढ्यान्‌पिढ्या मूजची शिकार होत आली, आणि मूज हे एल्कपेक्षाही थोराड हरीण. तिथली गोळी बारीक पण लांबलचक असते. वजन तेच ठेवून छेद लहान केला की हवाही कमी अडवते आणि मांसही.

वाऱ्याचं गणितही मजेशीर आहे. गोळी किती बाजूला सरकेल हे एकूण उड्डाणकाळावर नव्हे, तर हवेच्या अडवणुकीमुळे झालेल्या उशिरावर अवलंबून असतं. २७५ मीटर अंतर निर्वात जागेत ०.३३ सेकंदात कापलं गेलं असतं. हवेत लागले ०.३७. ताशी १६ किलोमीटरचा वारा आडवा असेल, तर त्याला या ०.०४ सेकंदाने गुणायचं: जवळपास १८ सेंटिमीटर. निमुळती गोळी हा उशीरच कमी करते.

पण काडतुसाच्या नावापेक्षा त्याच्या टोकाशी काय बसवलंय, हे जास्त महत्त्वाचं. शिकारीची गोळी शिशाची, वरून तांब्याचं पातळ कवच. आदळल्यावर ती छत्रीसारखी उमलते आणि भोक रुंद करते. लवकर उमलली तर मात्र वरच्यावर फुटून जाते. १९४६ साली कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या जंगलात जॉन नॉस्लर या शिकाऱ्याला हा अनुभव आला. चिखलाने माखलेल्या मूजच्या खांद्यावर त्याच्या गोळ्या फुटत होत्या, आत जातच नव्हत्या. त्याने गोळीच्या मधोमध तांबेमिश्रित धातूची आडवी भिंत ठेवली. पुढचं शिसं उमलायला, मागचं शिसं भिंतीआड शाबूत राहून खोल घुसायला. ‘पार्टिशन’ नावाची ती गोळी १९४८पासून विकली जाते आणि आजही मिळते. मोठ्या मॅग्नमने जे साधायचं, त्यातलं बरंचसं या एका भिंतीने साधलं.

शिशाचे तुकडे उडतात ही अडचण मात्र उरली. मारलेल्या जनावराची आतडी जंगलातच टाकतात, ती गिधाडं खातात. क्ष-किरणांत त्या आतड्यांमध्ये शिशाचे बारीक कण स्पष्ट दिसतात. कॅलिफोर्नियाचे कॉन्डॉर, म्हणजे तिथली मोठी गिधाडं, १९८२मध्ये अवघे २२ उरले होते, आणि त्यांच्या मरणाच्या मोठ्या कारणांपैकी शिशाची विषबाधा हे एक. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाने आपली गिधाडं संपत आली, तसाच हा प्रकार: विष मेलेल्या जनावरातून आलं. १ जुलै २०१९पासून कॅलिफोर्नियात शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. पर्याय निव्वळ तांब्याच्या गोळीचा. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४, म्हणजे त्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते आणि तिला गिरकीही जास्त लागते. १९०३च्या जड गोळीसाठी ठेवलेले दहा इंचांचे पीळ इथे उपयोगी पडतात. ज्या जुन्या काडतुसांच्या नळ्यांना सैल पीळ आहेत, त्यांच्या मालकांना तांब्याची हलकी गोळी शोधत बसावं लागतं.

आता दुर्बीण, म्हणजे स्कोप. दुकानात लोक आधी विचारतात, ‘किती पट मोठं दिसतं?’ दोनशे मीटरवरचा एल्क चार पटींनी मोठा दिसला की पुरे असतं. पटी वाढल्या की दिसणारा टापू आकसतो. नऊ पटींवर ठेवलेल्या स्कोपमध्ये झाडीत चालणारं जनावर सापडतच नाही, आणि हाताचा कंपही नऊ पटींनी मोठा दिसतो. तीन ते नऊ पटींचा, ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप अमेरिकेत रूढ झाला तो उगाच नव्हे, पण तो नेहमी तीनवर ठेवून फिरावं. मोठं करायला वेळ मिळतो तो लांबच्या जनावरासाठीच.

पैसे घालायचे ते काचेच्या लेपात. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे चार टक्के प्रकाश परततो. स्कोपमध्ये अशा डझनभर सीमा सहज असतात. लेप नसेल तर ०.९६ बारा वेळा गुणून ६१ टक्केच प्रकाश डोळ्यांपर्यंत पोचतो. १९३५ साली भिंगं बनवणाऱ्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन मारण्याची रीत काढली. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना खोडतात. आजच्या अनेक थरांच्या लेपाने प्रत्येक सीमेवरचा तोटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आला, म्हणजे बारा सीमांनंतरही ९४ टक्के. जनावरं पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात, तेव्हा हा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. स्कोपच्या नळीत कोरडा नायट्रोजन भरून ती बंद करतात, नाहीतर थंडीतून गाडीत आणि गाडीतून थंडीत जाताना आतून दव धरतं.

डोळ्यापाशी पोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास काढणं सोपं आहे: पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पटी. ४० भागिले ८ म्हणजे ५ मिलिमीटर. तरुणाच्या डोळ्याची बाहुली अंधारात सातपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर पाचच्या आसपास. त्याहून रुंद झोत वाया जातो. मोंटानात सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने शिकारीची वेळ संपते, आणि तोवर ४० मिलिमीटरच्या भिंगाला पुरेल एवढा उजेड असतो. ५६ मिलिमीटरचं बोजड भिंग तिथे डोंगर चढताना नुसतं ओझं. जर्मनीत रानडुक्कर चांदण्या रात्रीही मारायला परवानगी असते. तिथल्या मचाणावर आठ पटी आणि ५६ मिलिमीटरचा स्कोप अनेक वर्षं लोकप्रिय आहे. त्याचा झोत बरोबर सात मिलिमीटरचा.